पिकलेल्या स्ट्रॉबेरीची तोडणी व घरगुती गोठवण

महाबळेश्वर तालुक्यात व लगतच्या काही गावांत स्ट्रॉबेरी हे हिवाळ्यातील महत्त्वाचे नगदी पीक आहे. ‘महाबळेश्वर स्ट्रॉबेरी’स २०१० साली भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये लागवड झाल्यावर डिसेंबरच्या सुमारास तोडणीस जोर येतो व ती मार्च-एप्रिलपर्यंत चालते. मात्र उन्हाळा लागला, की फळे भराभर पिकतात, आकाराने लहान होतात आणि भावही पुष्कळदा उतरतो. अशा वेळी पूर्ण पिकलेले, परंतु दूरच्या बाजारात न टिकणारे फळ बांधावर टाकून दिले जाते. वर्षभर राबलेल्या कुटुंबाच्या वाट्याला मात्र हंगाम सरल्यावर एकही फळ उरत नाही. हे नुकसान थोड्या मेहनतीने टाळता येते.

कोणते फळ निवडावे?

स्ट्रॉबेरी तोडल्यानंतर लाल होत जाते, पण आंब्याप्रमाणे तिची गोडी वाढत नाही. पुण्या-मुंबईस पाठवावयाचे फळ प्रवासात टिकावे म्हणून थोडे आधी तोडावे लागते. गोठविण्यासाठी मात्र देठापर्यंत लाल झालेले, सुवासिक, पण घट्ट फळच उत्तम. म्हणजे बाजार ज्या पिकलेल्या फळास नाकारतो, तेच घरच्या साठवणीस योग्य ठरते. मात्र कुजलेले, करड्या बुरशीचे किंवा चिरडलेले फळ यात घेऊ नये. गोठविल्याने जंतूंची वाढ थांबते, ते सर्व मरत नाहीत. आणि वाईट फळ चांगले होत नाही.

तोडणी

तोडणीपूर्वी फवारणीची नोंद पाहावी. औषधाच्या वेष्टनावर दिलेला प्रतीक्षा काळ पूर्ण झाल्याखेरीज फळ तोडू नये व मुलांना वाफ्यात जाऊ देऊ नये. याबाबत घरच्या खाण्यासाठी एक नियम आणि बाजारासाठी दुसरा, असे नसावे.

दव सुकल्यावर, पण ऊन तापण्यापूर्वी तोडणी करावी. फळ ओढू नये. देठ बोटांच्या नखाने खुडावा आणि फळावरील हिरवी टोपी तशीच राहू द्यावी. फळे उथळ पाटीत दोन-तीन थरांहून अधिक भरू नयेत व पाटी त्वरित सावलीत न्यावी. मोठ्यांनी खुडावे, मुलांनी पाट्या सावलीत पोचवाव्यात, घरातील वडीलधाऱ्यांनी बसून निवड करावी, अशी वाटणी केल्यास काम सकाळीच आटोपते. तोडलेले फळ त्याच दिवशी गोठविणे हिताचे.

धुणे व गोठविणे

टोपी काढण्यापूर्वीच फळे थोडी थोडी घेऊन स्वच्छ, थंड पाण्यात हलक्या हाताने धुवावीत. टोपी आधी काढल्यास पाणी आत शिरून चव पातळ होते. फळे पाण्यात भिजत ठेवू नयेत. धुतल्यावर ती स्वच्छ कापडावर पसरून कोरडी करावीत व मग टोपी काढावी.

नंतर ताटात एकेरी थर लावून, फळे एकमेकांस चिकटणार नाहीत अशा बेताने, ताट रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवावे. फळे दगडासारखी कठीण झाल्यावर पिशवीत वा डब्यात भरावीत, हवा दाबून काढावी व तारीख लिहावी. गेल्या हंगामात एका घरी पाच किलो फळे एकाच पिशवीत भरून ठेवलेली मी पाहिली. त्यांचा एकच गोळा झाला होता आणि मधली फळे गोठण्यापूर्वीच आंबली होती. यास्तव फ्रीजरच्या दर ३० लिटर जागेस २४ तासांत सुमारे १ किलोहून अधिक नवे फळ ठेवू नये.

गोड पदार्थांसाठी हवी असल्यास चिरलेल्या ४ भाग फळांस १ भाग साखर, वजनाने, हलकेच मिसळावी. साखर विरघळून रस सुटल्यावर डब्यात भरावे व रस गोठताना फुगतो म्हणून वर दोन बोटे जागा मोकळी ठेवावी.

साठवण व उपयोग

उणे १८ अंश सेल्सिअसला ही फळे ८ ते १२ महिने चांगली राहतात. एका दाराच्या फ्रीजमधील बर्फाच्या कप्प्यात सहसा इतकी थंडी नसते. तेथील फळे काही आठवड्यांतच संपवावीत. वीज गेल्यास दार उघडू नये. भरलेला स्वतंत्र फ्रीजर सुमारे ४८ तास व अर्धा भरलेला सुमारे २४ तास थंडी धरतो. पूर्ण वितळलेले फळ पुन्हा गोठवू नये.

गोठताना फळातील पाण्याचे बर्फकण पेशींच्या भिंती फोडतात. त्यामुळे वितळलेले फळ मऊ पडते व ताज्या फळासारखे राहत नाही. त्याचा उपयोग दुधात घुसळून, सरबतात, शिकरणात किंवा जॅमसाठी करावा. हे काम घरच्या उपयोगापुरतेच समजावे. विक्री करावयाची असल्यास अन्नसुरक्षा कायद्यानुसार नोंदणी वा परवाना घेणे आवश्यक आहे.

कार्यकर्त्यांसाठी

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी केवळ व्याख्यान न देता एखाद्या घरी प्रात्यक्षिक करावे. एकाच तोडणीतील १ किलो फळे दोन भागांत घ्यावीत. अर्धी ताटात पसरून व अर्धी थेट पिशवीत भरून गोठवावीत. आठवड्याने दोन्ही पिशव्या भगिनींच्या व मुलांच्या समक्ष उघडाव्यात. एका पिशवीतून हवी तेवढी फळे सुटी निघतील, दुसरीतून गोळा फोडून काढावा लागेल. हा फरक डोळ्यांनी पाहिल्यावर वेगळा उपदेश करावा लागणार नाही.