रात्रीचा पहारा आणि केबलची पारख

सुरत शहराच्या दक्षिण अंगाला, पांडेसरा आणि उधना या औद्योगिक वसाहतींच्या शेजारी बमरोली हा भाग वसलेला आहे. येथील यंत्रमागांचा खडखडाट दिवसपाळीत थांबत नाही, तसा रात्रपाळीतही थांबत नाही. उधना-जळगाव लोहमार्गाने पोटापाण्यासाठी आलेली खानदेशातील अनेक मराठी कुटुंबे या परिसरात पिढ्या-दोन पिढ्यांपासून स्थिरावली आहेत. फाटकाशी उभ्या टेम्पोत चढणारे कापडाचे ताके, गोदामातील सुताचा साठा, मध्यरात्री पाळी संपवून घरी निघालेला कामगार या साऱ्यांवर नजर ठेवण्यासाठी आता पहारेकऱ्याच्या जोडीला कॅमेरा आला आहे.

सुरतेत २०१३ साली पोलीस यंत्रणेच्या पुढाकाराने शंभराहून अधिक कॅमेऱ्यांचे जाळे चौकाचौकांत उभे राहिले. पुढे कारखाने, बाजारपेठा आणि गृहनिर्माण सोसायट्या यांनीही आपापल्या आवारात कॅमेरे बसविले. खरेदीच्या वेळी कॅमेरा किती दूरचे पाहतो, चित्र किती स्पष्ट येते, याची चौकशी बारकाईने होते. परंतु कॅमेऱ्यापर्यंत वीज नेणाऱ्या आणि तेथून चित्र आणणाऱ्या केबलविषयी सहसा कोणी विचारीत नाही. कार्यालयापासून फाटक दूर असेल, तर पहाऱ्याची खरी भिस्त या केबलवरच असते.

एकाच केबलमधून वीज आणि चित्र

आजचे बहुतेक नवे कॅमेरे संगणकाच्या जाळ्यात वापरल्या जाणाऱ्या केबलला जोडले जातात. या केबलमध्ये आठ बारीक तारा असून त्यांच्या, एकमेकींना पीळ घातलेल्या, चार जोड्या असतात. याच तारांतून चित्राचा संदेश येतो आणि कॅमेऱ्याला लागणारी वीजही जाते. या पद्धतीस ‘पॉवर ओव्हर इथरनेट’ म्हणतात. व्यवहारात तिला ‘पीओई’ हे आटोपशीर नाव रूढ आहे. कॅमेऱ्यापाशी विजेचा वेगळा जोड घ्यावा लागत नाही, हा तिचा मोठा लाभ होय.

या पद्धतीचे आंतरराष्ट्रीय मानक २००३ साली ठरले. त्यानुसार स्विच नावाची वीज पुरविणारी पेटी प्रत्येक कॅमेऱ्यासाठी १५.४ वॅटपर्यंत वीज देते. वाटेतील नाश वजा जाता कॅमेऱ्याला १२.९५ वॅट मिळतील, असे गृहीत धरलेले असते. २००९ च्या सुधारित मानकात पेटीपाशी ३० आणि कॅमेऱ्यापाशी २५.५ वॅट अशी वाढ झाली. २०१८ च्या मानकाने पेटीपाशी ९० वॅटपर्यंतची मुभा दिली. पहिल्या दोन मानकांत वीज चारपैकी दोन जोड्यांतून जाते. २०१८ च्या मानकात ती चारही जोड्यांतून नेता येते.

अधिक दाब कशासाठी?

प्रत्येक तार विजेच्या वाटेत थोडा रोध करते. विद्युतप्रवाह जितका मोठा, तितका तारेत दाब अधिक घटतो. २४ गेजच्या, म्हणजे सुमारे अर्धा मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेचा रोध १०० मीटरला सुमारे ८.४ ओहम असतो. वीज जाऊन परत यावयाची असल्याने एका जोडीतून जाण्यायेण्याचा रोध १६.८ ओहम होतो.

आता ६ वॅटचा कॅमेरा १२ व्होल्टच्या साध्या अडॅप्टरवर १०० मीटर अंतरावरून, एकाच जोडीतून चालवावयाचा आहे, असे समजू. गणित मांडले असता या वाटेने फार तर २ वॅटच्या आसपास वीज पलीकडे पोहोचू शकते, असे दिसते. कॅमेरा सुरूच होणार नाही. म्हणून पीओई पद्धतीत दाब ५० व्होल्टच्या आसपास ठेवलेला असतो. दाब चौपट केला की तेवढ्याच विजेसाठी प्रवाह चौथा हिस्सा पुरतो आणि तारेतील नाश सोळाव्या हिश्श्यावर येतो. दूरच्या गावी वीज नेणाऱ्या मोठ्या वाहिन्यांचा दाब प्रचंड असतो, त्याचेही कारण हेच होय.

तांबे आणि तांब्याचा मुलामा

बाजारात एकाच रंगाच्या व एकाच नावाच्या दोन केबली शेजारी ठेवलेल्या आढळतात आणि त्यांच्या किमतीत मोठा फरक असतो. स्वस्त केबलमधील तार बहुधा ॲल्युमिनियमची असून तिच्यावर तांब्याचा पातळ थर चढविलेला असतो. व्यापारात तिला ‘सीसीए’ म्हणतात. तिचा रोध तेवढ्याच जाडीच्या शुद्ध तांब्याच्या दीडपटीहून किंचित अधिक असतो. शिवाय ती ठिसूळ असते, वाकविताना तुटते आणि जोडापाशी गंजून रोध आणखी वाढवते. जाळ्यांच्या केबलविषयीची मान्य मानके शुद्ध तांब्याचीच तार मागतात. सीसीए त्यांत बसत नाही.

या फरकाचा परिणाम एका उदाहरणाने स्पष्ट होईल. फाटकावर फिरता कॅमेरा आहे. दिवसा तो १० वॅट वीज घेतो. रात्री त्याचे अवरक्त दिवे लागले की ही गरज २५ वॅटवर जाते. पेटीपाशी दाब ५३ व्होल्ट व अंतर १०० मीटर आहे, आणि वीज दोन जोड्यांतून जाते. तांब्याच्या २४ गेज केबलवर रात्रीदेखील कॅमेऱ्यापाशी सुमारे ४८.७ व्होल्ट पोहोचतात. ही वीज ज्या मानकाची आहे त्यात कॅमेऱ्यापाशी किमान ४२.५ व्होल्ट अपेक्षित असल्याने काम सुरळीत चालते.

त्याच जागी २६ गेजची बारीक सीसीए केबल टाकली, तर दिवसा कॅमेऱ्याला ४८ व्होल्टहून अधिक मिळतात आणि सारे ठीक दिसते. परंतु रात्री दाब ४० व्होल्टपर्यंत घसरतो, तारेतच सुमारे ८ वॅट वीज वाया जाते आणि एकूण मागणी पेटीच्या ३० वॅट मर्यादेपलीकडे जाते. मग कॅमेरा बंद पडतो, पुन्हा सुरू होतो, दिवे लागताच पुन्हा बंद पडतो. बसविणाऱ्याने दुपारी चाचणी घेऊन पैसे नेलेले असतात. दोष कॅमेऱ्याचा मानून नवा कॅमेरा आणला जातो आणि तोही तसाच वागतो. चोरी झाल्यावर चित्रण पाहावे, तर नेमका हवा तोच काळ कोरा निघतो.

लहान स्थिर कॅमेरा अशा केबलवर पुष्कळदा निभावून जातो, हेही खरे. त्यामुळेच ही उणीव दीर्घकाळ उघड होत नाही.

पारख कशी करावी?

पारखीचे काही उपाय सामान्य ग्राहकालाही करता येतात. एक, तारेचे टोक चाकूने खरवडावे. आत पांढरी चकाकी दिसली तर ते ॲल्युमिनियम समजावे. दोन, पेटीचे वजन करावे. ३०५ मीटरच्या पूर्ण पेटीत २४ गेजच्या आठ तारांचे तांबेच सुमारे साडेचार किलो भरते. तितक्याच सीसीए तारेचे वजन दीड-पावणेदोन किलो असते. आवरणाचे व खोक्याचे वजन वेगळे धरले तरी हा फरक हाताला जाणवतो. तीन, केबलवर छापलेला गेजचा आकडा वाचावा. आकडा जितका मोठा तितकी तार बारीक, हे ध्यानी असावे. लांब अंतरासाठी २३ गेज तांब्याची ‘कॅट सिक्स’ केबल घेणे इष्ट. तिचा रोध १०० मीटरला सुमारे ६.७ ओहम, म्हणजे २४ गेजहून पाचव्या हिश्श्याने कमी असतो. चार, बिलावर ‘शुद्ध तांबे’ असे शब्द लिहून घ्यावेत.

शंभर मीटरपलीकडे

तार कितीही जाड घेतली तरी चित्राच्या संदेशासाठी मानकाने १०० मीटरची मर्यादा घातली आहे. यात ९० मीटर कायम टाकलेली केबल आणि दोन्ही टोकांच्या लवचीक जोडांचे मिळून १० मीटर धरलेले असतात. फाटक १५० मीटरवर असेल, तर मध्ये एक्स्टेंडर किंवा दुसरा स्विच बसविता येतो. एक्स्टेंडर संदेश नव्याने पुढे पाठवितो, पण वीज मूळ पेटीचीच वापरतो व स्वतःही थोडी घेतो. काही स्विचांत संदेशाचा वेग उतरवून २५० मीटरपर्यंत जाण्याची सोय असते. तेथेही दाबघटीचे गणित आधी मांडावे. त्याहून दूर जावयाचे असल्यास प्रकाशतंतूची केबल टाकून वीज कॅमेऱ्याजवळच घेणे श्रेयस्कर ठरते. प्रकाशतंतू विजेचा वाहक नसल्याने कडाडणाऱ्या विजेचा धक्काही त्यातून रेकॉर्डरपर्यंत येत नाही.

ऊन, पाऊस आणि यंत्रे

तांब्याचा रोध दर अंश सेल्सिअसला सुमारे ०.४ टक्के वाढतो. वैशाखात पत्र्याखालची केबल ६० अंशांपर्यंत तापली, तर २० अंशांच्या तुलनेत तिचा रोध सुमारे १६ टक्क्यांनी अधिक होतो. घरात वापरावयाच्या केबलचे आवरण उन्हाने तडकते आणि पावसाळ्यात आत पाणी शिरते. म्हणून उघड्यावर काळ्या पॉलिथिन आवरणाची, बाहेरच्या वापरासाठी बनविलेली केबलच टाकावी. मागांच्या मोटारींना वीज पुरविणाऱ्या वाहिन्यांना लागून ती नेऊ नये; ओलांडावी लागलीच तर काटकोनात ओलांडावी. जाळीचे कवच असलेली केबल वापरल्यास त्या कवचाची भूजोडणी अवश्य करावी. वाटेत पीळ देऊन चिकटपट्टी गुंडाळलेला जोड मात्र कोठेही ठेवू नये.

बमरोलीच्या संदर्भात सांगितलेल्या या गोष्टी भिवंडी, मालेगाव आणि इचलकरंजी येथील यंत्रमागधारकांनाही तितक्याच लागू पडतात. काम पूर्ण झाल्यावर चाचणी रात्री घ्यावी, सर्व कॅमेऱ्यांचे दिवे लागलेले असताना निदान तासभर चित्रण पाहावे आणि मगच अखेरची रक्कम द्यावी. कामगारांनी वर्गणी काढून सोसायटीत बसविलेला कॅमेरा असो की छोट्या कारखानदाराने कर्ज काढून घेतलेला असो, केबलवर वाचविलेले थोडे पैसे पुढे महाग पडतात. पहाऱ्याची खरी गरज अंधारात असते, आणि तारेची परीक्षाही अंधारातच होते.