ट्रॉलीच्या टायरला नायट्रोजन भरावा का?



गळीत हंगाम तोंडावर आला की ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची डागडुजी सुरू होते. अलीकडे त्यात एक नवा प्रश्न आमच्या कानावर येतो. "साहेब, ट्रॉलीला नायट्रोजन मारू का? टायर फुटत नाही म्हणतात." यात पैसा आहे आणि जिवाचाही संबंध आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

नायट्रोजन म्हणजे आपले नत्रच. हवेच्या शंभर भागांत ७८ भाग नत्र आणि २१ भाग प्राणवायू असतो. उसाला हवेतले नत्र थेट घेता येत नाही म्हणून आपण युरियाची गोणी आणतो. टायरला मात्र ते फुकट मिळते! पंक्चरवाल्याकडची साधी हवा भरली तरी टायरमध्ये पाऊण हिश्श्याहून जास्त नायट्रोजनच जातो. मशीनवाला प्राणवायू बराचसा गाळतो, एवढाच फरक. जुनी हवा नीट न काढता वरून भरला, तर तोही फरक पुरता पडत नाही.

मग विमानाला तो का भरतात, असे कोणी विचारील. ३१ मार्च १९८६ रोजी मेक्सिकोत एका बोइंग ७२७ विमानाचा ब्रेक अति तापला, साधी हवा भरलेला टायर आकाशात फुटला आणि विमान कोसळून १६७ माणसे गेली. त्यानंतर १९८७ मध्ये अमेरिकेने मोठ्या प्रवासी विमानांच्या ब्रेक असलेल्या चाकांना नायट्रोजन सक्तीचा केला. तिथे ते योग्यच आहे. आपल्या ट्रॉलीचा ब्रेक असा तापत नाही. बहुतेक ट्रॉल्यांना ब्रेकच नसतो, ही चिंता वेगळी.

नायट्रोजनचा फायदा अगदीच नाही असे नव्हे. प्राणवायू रबरातून लवकर झिरपतो, नायट्रोजन सावकाश. अमेरिकेतील 'कन्झ्युमर रिपोर्ट्स' या ग्राहक मासिकाने मोटारीच्या ३१ प्रकारच्या टायरांत ३० पौंड दाब भरून ते वर्षभर ठेवले. त्याचे आकडे २००७ मध्ये आले. साधी हवा सरासरी ३.५ पौंड उतरली, नायट्रोजन २.२ पौंड. म्हणजे वर्षाला सव्वा पौंडाचा फरक. दाब दोन्हींचा उतरला, हे ध्यानात घ्या. "नायट्रोजन भरलाय, आता बघायला नको" म्हणणारा इथेच फसतो.

नायट्रोजन तापून फुगत नाही, हे तर खोटेच. ३२ पौंडांच्या टायरमध्ये १० अंश उष्णता वाढली की दोन्हींचा दाब सुमारे दीड पौंडाने वाढतो. टायर फुटतो तो कमी हवा आणि जादा वजन यांमुळे. हवा कमी असली की टायरची बाजू दर फेऱ्याला दबते, उठते, रबर आतून तापते आणि धागे सुटतात. त्यात वर खेपेचे पैसे वाढावेत म्हणून रचलेला जादा ऊस! रात्री टायर बसला की ट्रॉली अंधारात रस्त्यावरच उभी राहते आणि मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याला ती दिसत नाही.

तेव्हा त्या पैशांत एक चांगला गेज घ्या. हवा सकाळी, ट्रॉली हलवण्याआधी, गार टायरवर तपासा. किती वजनाला किती दाब, हे टायर कंपनीच्या तक्त्यावरून विचारून घ्या. तापलेल्या टायरमधली हवा सोडू नका. गार झाल्यावर ती कमी भरेल. कॉम्प्रेसरच्या टाकीतले पाणी काढायला पंक्चरवाल्याला सांगा, नाहीतर ओलाव्याने रिम आतून गंजते. व्हॉल्व्हची टोपणे हरवली असतील तर बसवा.

ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांत वजनासाठी पाणी भरलेले असेल, तर तिथे नायट्रोजनचा विचारच नको. घरची मोटार लांबच्या प्रवासाला निघाली असेल आणि पंपावर फुकट मिळत असेल, तर खुशाल घ्या. पुढे वाटेत साधी हवा मारावी लागली तरी काही बिघडत नाही. टायरगाडीवाल्यांनीही आठवड्यातून एकदा हवा बघावी. बैलांच्या मानेला जड ओढ लागते ती बऱ्याचदा बसक्या टायरमुळेच.

– ऊस विकास अधिकारी