आरोग्याचा संकल्प : लहान हप्त्यांची मोठी ठेव

दरवर्षी १४ एप्रिलला किंवा नववर्षाच्या पहिल्या दिवशी आपण मोठ्या उत्साहाने संकल्प करतो. उद्यापासून पहाटे उठणार, तंबाखू सोडणार, रोज फिरायला जाणार, चिडणार नाही! आठ-दहा दिवस जातात आणि गाडी पुन्हा मूळ पदावर येते. आम्हीही याला अपवाद नव्हतो.

काही वर्षांपूर्वी एका आरोग्य तपासणी शिबिरात आमचा रक्तदाब वाढलेला आढळला. साखरही वरच्या मर्यादेला टेकली होती. दिवसभर बँकेत काउंटरमागे बसणे, मधल्या सुट्टीत वडा आणि गोड चहा, संध्याकाळी घरी टीव्हीसमोर. दुसरे काय होणार? आमचे वडील बावन्नाव्या वर्षी अर्धांगवायूच्या झटक्याने गेले. तेव्हा आम्ही बारावीत होतो. त्या रात्री आम्ही हिशेब केला. वडिलांच्या वयाला पोहोचायला आम्हाला सहाच वर्षे उरली होती आणि आमची मुलगी नववीत होती.

दुसऱ्याच दिवशी आम्ही मीठ बंद केले, भात बंद केला आणि पहाटे भाट्ये पुलापर्यंत तरातरा चालत जाऊन आलो. पाचव्या दिवशी गुडघा सुजला. आठव्या दिवशी सर्व सुटले. वर 'आपल्यात चिकाटीच नाही' हा न्यूनगंड पदरी पडला, तो वेगळाच.

अशा वेळी वर्षावासातील एका प्रवचनात कोसल देशाचा राजा प्रसेनजित याची कथा ऐकावयास मिळाली. ही कथा संयुत्त निकायात आहे. राजाला अतिशय खाण्याची सवय होती. एका वेळी द्रोणभर भात तो खात असे. द्रोण म्हणजे आपला पानांचा द्रोण नव्हे, ते त्या काळचे धान्याचे मोठे माप. असाच एकदा जेवून धापा टाकीत तो भगवान बुद्धांकडे आला. बुद्धांनी त्याला रागावले नाही की उपास सांगितला नाही. जो सावध राहून मोजके जेवतो त्याचे दुखणे कमी होते व तो सावकाश म्हातारा होतो, अशा अर्थाची एक गाथा सांगितली. राजाने सुदर्शन नावाच्या तरुणाला ती पाठ करायला लावली आणि रोज जेवताना आपल्याला म्हणून दाखविण्यास नेमले. अट्ठकथेत आणखी तपशील आहे. राजा शेवटच्या घासाला आला की सुदर्शनने गाथा म्हणायची, राजाने तो घास ठेवून द्यायचा आणि दुसऱ्या दिवशी त्या हिशेबाने तांदूळ कमी शिजवायचा. असे करीत राजा नाळी या लहान मापावर आला. त्याचे शरीर हलके झाले आणि त्याने कृतज्ञतेने बुद्धांची आठवण काढली.

या कथेत आरोग्याचे ध्येय कसे ठरवावे याचे सर्व शास्त्र आले आहे. ध्येय मोजता येणारे होते. पायरी एका घासाची होती. आठवण देणारा माणूस नेमला होता आणि आठवण नेमक्या वेळी, ताट समोर असताना दिली जात होती. आम्ही मात्र एका दिवसात द्रोणावरून नाळीवर उडी मारायला गेलो होतो!

ध्येयाला मुदत हवी, हे बाबासाहेबांच्या चरित्रातून दिसते. १९१७ साली शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे त्यांना लंडनचे शिक्षण अर्धवट टाकून परतावे लागले. चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी त्यांनी विद्यापीठाकडून मिळविली. १९१८ ते १९२० या काळात सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकी करून त्यांनी पैसे साठविले. शाहू महाराजांचे साहाय्य व मित्र नवल भथेना यांचे कर्ज घेऊन १९२० साली ते लंडनला गेले. १९२३ साली त्यांनी डी.एस्सी. पदवी मिळविली. ठरलेले ध्येय, ठरलेली मुदत आणि त्यासाठी महिन्यामहिन्याची शिल्लक! मात्र पुढे मधुमेहाने व पायांच्या वेदनांनी त्यांना किती छळले, हेही विसरू नये. त्यांनी समाजासाठी देह झिजविला. आपण वडापाव आणि तंबाखूपायी झिजविणे हा त्यांचा वारसा नव्हे.

मग आपण काय करावे? आम्ही बँकेतली माणसे, म्हणून आवर्ती ठेवीचे उदाहरण देतो. हप्ता झेपेल एवढाच घ्यावा. एखादा हप्ता चुकला म्हणून कोणी खाते मोडीत नाही, पुढच्या महिन्यात भरतो. आरोग्याचे तसेच आहे.

पहिली गोष्ट, मुदत ठरवा. आषाढ पौर्णिमा ते अश्विन पौर्णिमा हा तीन महिन्यांचा वर्षावास आपल्याला आयताच मिळालेला आहे. 'आयुष्यभर' म्हटले की मन घाबरते, तीन महिने म्हटले की तयार होते.

दुसरी, एक किंवा दोनच ध्येये घ्या व ती आकड्यात लिहा. 'व्यायाम करीन' असे नव्हे, तर 'आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास चालेन' असे. जागतिक आरोग्य संघटनेनेही प्रौढांसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम सांगितला आहे. सुरुवात दहा मिनिटांनी केली तरी चालेल. मिठाची मर्यादा दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे सपाट चमचाभराच्या आत आहे. आपल्या कोकणात सुकी मासळी, लोणचे, पापड यांतून मीठ नकळत पोटात जाते. एकदम सर्व सोडू नका, आधी ताटातले वरचे मीठ सोडा. आजार असलेल्यांनी डॉक्टरांना विचारूनच बदल करावेत आणि गोळ्या मनाने बंद करू नयेत.

तिसरी, आपला सुदर्शन नेमा. आमच्या घरी ते काम मुलीने घेतले. भिंतीवरच्या कॅलेंडरवर ती रोज खूण करते. चुकलेल्या दिवशी ती रिकामा चौकोन दाखविते, पण टोमणा मारीत नाही.

मनाचेही असेच ध्येय असावे. रोज दहा मिनिटे शांत बसून श्वासाकडे पाहावे. विद्यार्थ्यांनी परीक्षेच्या दिवसांत झोप मोडू नये, जागरणाने पाठांतर वाढत नाही. सोण भिक्खूने चालून चालून पाय रक्तबंबाळ केले, तेव्हा बुद्धांनी त्याला वीणेची तार फार ताणू नये व फार सैलही सोडू नये, असे समजाविले. हे प्रत्येक विद्यार्थ्याने व पालकाने ध्यानात ठेवावे.

आपल्या रत्नागिरीत प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, पण त्याचे नाव आपण थट्टेतच घेतो. मनाच्या डॉक्टरकडे जाणे म्हणजे वेडे होणे नव्हे. उदासी आठवडेच्या आठवडे जात नसेल, जगणे नकोसे वाटत असेल, तर तेथे संकल्प पुरत नाही, उपचार लागतात. शासनाने २०२२ पासून टेली-मानस ही विनामूल्य सेवा सुरू केली आहे, तिचा क्रमांक १४४१६. तो घरात लिहून ठेवावा.

आमचे म्हणाल तर तीन वर्षावास झाले. रक्तदाबाची एक गोळी चालू आहे. भाट्ये पुलापर्यंत आता सावकाश चालतो, गुडघा तक्रार करीत नाही. मधून मधून चौकोन रिकामे राहतात. मुलगी बारावीत गेली आहे. आम्ही बारावीत असताना जे घडले ते तिच्या वाट्याला येऊ नये, एवढेच आमचे ध्येय आहे.

या वर्षावासात आपणही एक घास कमी करून पाहा.

सर्वांचे मंगल होवो. जय भीम!