दंतवैद्याची शाळा सुटत नाही

आमच्या दवाखान्याच्या दारावर वर्षातून तीन-चार वेळा एक पाटी लागते : ‘डॉक्टर प्रशिक्षणासाठी परगावी गेले आहेत. दवाखाना सोमवारी उघडेल.’ सोमवारी एखादे आजोबा हमखास विचारतात, “काय डॉक्टर, दवाखाना टाकून इतकी वर्षं झाली, अजून शिकताय होय?” प्रश्न गमतीने विचारलेला असतो, पण त्याचे उत्तर नीट द्यायला हवे. दंतवैद्य काय शिकला, केव्हा शिकला आणि कोणाकडून शिकला, यावर तुमच्या तोंडातला दात किती शिल्लक राहणार हे बऱ्याच अंशी ठरते. दात भरणे, कॅप बसवणे आणि दात सुंदर दिसावेत म्हणून करायचे उपचार, एवढ्यापुरते आज पाहू.

कॉलेजातला धडा

बी. डी. एस. ही दंतवैद्यकाची पदवी म्हणजे चार वर्षांचा अभ्यास आणि वर्षभराची इंटर्नशिप. त्यापुढे एका विषयात तीन वर्षांची एम. डी. एस. करता येते. आमच्या पिढीने दाढ भरायला शिकली ती मुख्यतः चांदीने. लोक ज्याला ‘चांदी भरणे’ म्हणतात, ते चांदी, कथील व तांबे यांची भुकटी आणि पारा यांचे मिश्रण असते. त्यात वजनाने साधारण निम्मा पारा असतो. हे मिश्रण मजबूत, स्वस्त आणि टिकाऊ. मात्र ते दाताला चिकटत नाही. खड्ड्यात अडकून राहावे म्हणून खड्डा तोंडाशी अरुंद आणि तळाशी किंचित रुंद कोरावा लागतो.

या कोरण्याचे नियम अमेरिकेतील डॉ. जी. व्ही. ब्लॅक यांनी १९०८ सालच्या आपल्या ग्रंथात घालून दिले. कीड पुन्हा लागू नये म्हणून शेजारच्या निरोगी खाचाही कोरून घ्याव्यात, असे त्यांचे सांगणे होते. त्या काळच्या साहित्याला ते धरूनच होते. त्यामुळे मोहरीएवढी कीड असली तरी ज्वारीच्या दाण्याएवढा खड्डा करायचा, हाच धडा पुढच्या अनेक पिढ्यांनी गिरवला.

चिकटणारे साहित्य आले

लोखंडी पत्र्यावर रंग नीट बसावा म्हणून कारखान्यांत आधी त्यावर फॉस्फोरिक आम्ल लावत. हीच युक्ती अमेरिकेत रॉचेस्टर येथे डॉ. मायकेल बुओनोकोर यांनी दातावर केली आणि १९५५ साली ती प्रसिद्ध केली. दाताच्या वरच्या कडक थराला, म्हणजे इनॅमलला, अर्धा मिनिट आम्ल लावून धुतले की त्यावर डोळ्यांना न दिसणारे खळगे पडतात. त्यांत प्लॅस्टिकच्या जातीचे द्रव्य शिरून घट्ट पकड घेते. १९६२ साली डॉ. राफाएल बोवेन यांनी अशा द्रव्यात खनिजाची बारीक भुकटी मिसळून दाताच्या रंगाचे टणक साहित्य तयार केले. आजचे कंपोझिट त्याचेच पुढचे रूप आहे. १९७२ साली लंडनच्या अॅलन विल्सन व ब्रायन केंट यांनी ग्लास आयोनोमर सिमेंट जगापुढे आणले. ते दाताला आपोआप चिकटते आणि त्यातून थोडे फ्लोराइड झिरपत राहते. इनॅमलखालच्या ओलसर डेंटीनला द्रव्य कसे धरते, याचा उलगडा जपानचे डॉ. नोबुओ नाकाबायाशी यांनी १९८२ साली केला.

या पाच नावांमुळे दंतवैद्याच्या कामाची दिशाच बदलली. साहित्य चिकटते म्हटल्यावर ते अडकवण्यासाठी निरोगी दात कोरायचे कारण उरले नाही. कीड जेवढी, तेवढाच खड्डा पुरतो. सायकलवरून पडून पुढच्या दाताचा कोपरा उडालेल्या मुलाला पूर्वी मोठे झाल्यावर कॅप हाच मुख्य मार्ग असे. आता बहुतेक वेळा एकाच बैठकीत कंपोझिटने तो कोपरा उभा करता येतो.

बाटलीवरचे वाचून का जमत नाही?

“मग नवे साहित्य विकत आणायचे आणि वापरायचे, त्यासाठी वर्ग कशाला?” असे कोणी म्हणेल. अडचण अशी की चांदी थोडाफार ओलावा चालवून घेते, कंपोझिट घेत नाही. आम्लाची जेल इनॅमलवर पंधरा ते तीस सेकंद ठेवतात, डेंटीनवर पंधरा सेकंदांहून जास्त नको. धुतल्यावर इनॅमल कोरडे हवे, पण डेंटीन अगदी सुकवून चालत नाही. मग चिकटद्रव्याचा पातळ हात. नेहमीचे कंपोझिट दोन मिलिमीटरपेक्षा जाड नाही अशा थरांनी भरायचे, कारण दिव्याचा निळा प्रकाश त्याहून खोल नीट पोचत नाही. कडक होताना ते किंचित आकसते, म्हणून थर कोणत्या भिंतीला टेकवून लावायचा यालाही रीत आहे. दिवा जुना झाला की त्याचा प्रकाश मंदावतो. तो यंत्राने मोजावा लागतो. आणि या साऱ्या वेळात थुंकीचा एक थेंबही आत जाता कामा नये. त्यासाठी दाताभोवती रबर डॅम नावाचा पातळ रबरी पडदा लावतात.

यातली एक पायरी चुकली तरी त्या दिवशी दात झकास दिसतो. रोगी आरशात पाहून खूश होऊन जातो. काही दिवसांत थंड पाणी झोंबू लागते, किंवा वर्ष-दोन वर्षांत भरावाच्या कडेला काळसर रेघ उमटते आणि आत नवी कीड शिरते. मग पुन्हा कोरणे, मोठा भराव, नंतर रूट कॅनाल, शेवटी कॅप. लहान कामातली हयगय अशी दाताच्या मुळावर येते.

म्हणूनच ज्या वर्गात हाताने काम करून घेतात, तो वर्ग मोलाचा. सकाळी व्याख्यान आणि दुपारी काढलेल्या दातांवर किंवा नकली जबड्यावर सराव. काही वर्गांत शिक्षक भरलेला दात मधोमध कापून दाखवतात. वरून गुळगुळीत दिसणाऱ्या भरावाखाली केसाएवढी फट राहिली असेल तर ती तिथे उघडी पडते. रोग्याच्या तोंडात हे पाहण्याची सोय नाही, आणि नुसत्या भाषणातूनही ते कळत नाही.

लग्नाआधीच्या कॅपा

सौंदर्यासाठीच्या उपचारांत तर हे शिक्षण अधिकच महत्त्वाचे. लग्नसराईच्या आधी दवाखान्यात एक वाक्य नेहमी ऐकू येते : “डॉक्टर, पोरीला पाहायला येणारेत. पुढच्या चार दातांवर कॅपा बसवून टाका.” मुलगी वीस-बावीस वर्षांची, दात निरोगी, फक्त त्यांवर पिवळे-तपकिरी डाग. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतील काही गावांत विहिरी-बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. लहानपणी, दात जबड्यात तयार होत असताना असे पाणी पोटात गेले की हे डाग पडतात. घासून ते जात नाहीत.

कॅप बसवली की डाग झाकला जातो हे खरे. पण कॅपसाठी दात चारही बाजूंनी घासावा लागतो. एडेलहॉफ व सोरेन्सन या संशोधकांनी २००२ साली याचे मोजमाप प्रसिद्ध केले. पुढच्या दातावर पूर्ण कॅप बसवताना दाताच्या वरच्या भागाचा ६३ ते ७२ टक्के अंश घासला जातो. दर्शनी बाजूला चिकटवायच्या चिनीमातीच्या पातळ पापुद्र्यासाठी, म्हणजे व्हिनियरसाठी, हेच प्रमाण ३ ते ३० टक्के भरले. घासलेले इनॅमल शरीर पुन्हा तयार करत नाही. कॅपही जन्मभर पुरत नाही. बाविसाव्या वर्षी बसवलेली कॅप पुढे एकदा तरी, बहुधा अधिक वेळा, बदलावी लागणार. खूप घासलेल्या दाताची नस दुखावली तर रूट कॅनालही करावे लागते.

कॉलेजनंतर शिकत राहिलेल्या दंतवैद्याजवळ येथे एक शिडी असते आणि तो खालच्या पायरीपासून चढतो. आधी इनॅमलचा अगदी वरचा, मिलिमीटरच्या अंशाएवढा थर सौम्य आम्ल व पॉलिशने उतरवून पाहायचा. मग रंग उजळवण्याची जेल. दातांच्या मापाच्या साच्यात दहा टक्के कार्बामाइड पेरॉक्साइड घालून रात्री वापरायची पद्धत हेवूड व हेमन यांनी १९८९ साली मांडली. फ्लोराइडच्या डागांना यात काही आठवडे, कधी महिने धीर धरावा लागतो, आणि हे काम दंतवैद्याच्या देखरेखीखालीच व्हावे. उरलेल्या गडद डागावर कंपोझिटचा पातळ थर, त्यानेही भागले नाही तर व्हिनियर. कॅप सर्वांत वरची पायरी. ती दात मोडला असेल, फार झिजला किंवा किडला असेल तेव्हासाठी राखावी. ज्याला या मधल्या पायऱ्या येत नाहीत, त्याला थेट कॅपच सुचणार!

प्रमाणपत्रे कशी वाचावीत?

दवाखान्याच्या भिंतीवर चौकटी पुष्कळ असतात. त्यांत फरक करायला वाचकांनी शिकावे. ‘कॉस्मेटिक डेंटिस्ट’ अशी वेगळी एम. डी. एस. आपल्याकडे नाही. दात भरणे व रूट कॅनाल यांचा विषय कॉन्झर्व्हेटिव्ह डेंटिस्ट्री व एंडोडॉन्टिक्स. कॅप, ब्रिज व कवळी यांचा विषय प्रोस्थोडॉन्टिक्स. पाटीवर ‘कॉस्मेटिक’ लिहिणारा दंतवैद्य बी. डी. एस. असू शकतो आणि उत्तम कामही करू शकतो. पण तो शब्द म्हणजे पदवी नव्हे.

पदवीनंतरच्या शिक्षणासाठी भारतीय दंत परिषदेने गुणांची पद्धत आणली. व्याख्यानांना, शिबिरांना गेल्याचे गुण मिळतात. पद्धत चांगली आहे, पण गुण हजेरीचे असतात, हाताच्या कसबाचे नसतात. शिवाय काही वर्ग साहित्य विकणाऱ्या कंपन्याच भरवतात. त्यांतही शिकण्यासारखे असते. मात्र विकायच्या मालाचे गुण तिथे जास्त सांगितले जातात, मर्यादा कमी. दोन दिवसांत सगळे शिकवण्याची हमी देणाऱ्या वर्गाकडे दंतवैद्यानेही जरा सावधपणे पाहावे.

तोंडातली जुनी चांदी काढावी का?

पाऱ्याचे प्रदूषण कमी व्हावे म्हणून २०१३ साली मिनामाता करार झाला. भारताने त्याला २०१८ साली मान्यता दिली. १ जानेवारी २०२५ पासून युरोपीय संघाने चांदी भरणे जवळजवळ बंद केले. म्हणजे चिकटणाऱ्या साहित्याचे शिक्षण यापुढे टाळता येणार नाही. पण म्हणून घाबरून जुनी, शाबूत चांदी उकरून काढू नये. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२० साली हेच सांगितले आहे : वैद्यकीय कारण नसेल तर सुस्थितीतील भराव तसाच राहू द्यावा. काढताना पाऱ्याची वाफ सुटते आणि चांगला दातही थोडा कोरला जातो. चांदी फुटली असेल, कडेला कीड लागली असेल, तर मात्र बदलावी.

दंतवैद्याला काय विचारावे?

विचारायला संकोच करू नये. चांगला दंतवैद्य प्रश्नांनी रागावत नाही.

१. माझा दात किती घासावा लागेल? याहून कमी घासून होण्यासारखा उपाय आहे का?

२. काहीच केले नाही तर काय होईल?

३. हा भराव किंवा कॅप साधारण किती वर्षे चालेल, आणि बिघडल्यास पुढचा उपाय कोणता?

४. हे काम आपण करता की दुसऱ्या तज्ज्ञाकडे पाठवाल?

५. आधी केलेल्या अशा कामाचे, काही वर्षांनंतरचे फोटो पाहायला मिळतील का?

निरोगी दातांवर एकाच वेळी चार-सहा कॅपा सुचवल्या असतील, तर दुसऱ्या दंतवैद्याचे मत जरूर घ्यावे. आठ-पंधरा दिवसांच्या उशिराने अशा कामात काही बिघडत नाही. मात्र कळ, सूज किंवा ताप असेल तर थांबू नये, त्याच दिवशी दाखवावे. मिश्री, तंबाखू सोडावी, दिवसातून दोनदा दात घासावेत आणि भरलेल्या दातांची वर्षातून एकदा तरी तपासणी करून घ्यावी. कडेची रेघ लहान असतानाच सापडली, तर ती लहान कामात भागते.