पहिला ‘नको’ इंदूरला ऐकू येत नाही

अगं, इतकं मनाला लावून घेऊ नकोस. शेजारच्या काकूंनी तू ‘नको’ म्हणत असताना तिसरी पुरी वाढली, हेच ना? पुण्यात ‘नको’ म्हणजे नको. माळव्यात पाहुण्यानं आधी ‘नको’ म्हणायचंच असतं आणि वाढणाऱ्यानं ते ऐकायचं नसतं. मनुहार म्हणतात याला. काकूंनी तुझं पहिल्याच झटक्यात ऐकलं असतं, तर घरच्यांनीच त्यांना टोकलं असतं, ‘नव्या नवरीला नीट वाढलंही नाही!’ खरंच पोट भरलं असेल तर ताटावर हात आडवा धर आणि लगेच चमचाभर चटणी मागून घे. मागितलं की त्यांचा मान राहतो, आणि पुरीही टळते.

कॉलेजात आपण संस्कृतीचे घटक घोकले होते: भाषा, प्रतीकं, मूल्यं, नियम, वस्तू. त्या पुरीत सगळेच आहेत बघ. पाहुणा अर्धपोटी उठू नये हे मूल्य, आग्रह हा नियम, आणि नियम मोडला तर चार बायकांनी नावं ठेवणं ही शिक्षा. समनर नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञानं 1906 साली पुस्तक लिहून लोकरीतींचे दोन थर सांगितले. काही मोडल्या तर लोक हसतात, काही मोडल्या तर माफ करत नाहीत. नव्या गावात कुठली रीत कुठल्या थरात बसते, एवढं आधी ओळख.

पोह्यांवर शेव-जिरावण आणि सोबत जलेबी, हा पहिला थर. नाही खाल्लीस तर थट्टा होईल, बस. पण सराफा बाजारात रात्री भुट्ट्याचा कीस खाऊन द्रोण रस्त्यावर टाकून बघ! अनोळखी माणूससुद्धा ‘ओ मॅडम’ म्हणून थांबवेल. आणि ही रीत काही होळकरांच्या काळची नाही. स्वच्छ सर्वेक्षणात इंदूर पहिलं आलं 2017 साली, मग 2023 पर्यंत सलग सात वर्षं पहिलंच. घंटागाडी आली, ओला-सुका वेगळा करायची सक्ती झाली, दंड बसले, आणि मग अभिमान चढला. आता दंडापेक्षा शेजारणीच्या नजरेची भीती जास्त. संस्कृती म्हणजे आजीच्या पेटीतलंच काहीतरी, असं समजणाऱ्यांना मी इंदूरची कचरागाडी दाखवते.

आणि परक्या गावात आलेय असं तर मुळीच समजू नकोस. अहिल्याबाईंनी 1767 ते 1795 महेश्वरहून याच मुलखाचा कारभार केला. लता मंगेशकर जन्मल्या इथेच. मराठी साहित्य संमेलन इथे 1917, 1935 आणि 2001 असं तीनदा भरलं. तेव्हा सासूबाईंच्या मराठीला हिंदीचं वळण दिसलं तर चारचौघांत दुरुस्त करत बसू नकोस. पिढ्यान्‌पिढ्या हिंदीच्या शेजारात राहून त्यांनी ती सांभाळलीय. पुण्यात मराठी टिकवायला काही करावं लागतं का गं?

सगळंच मान्य कर, असं मात्र मी म्हणत नाही. ‘गोड बातमी कधी?’ हा प्रश्नही रीतीतलाच, आणि तो पुण्यातही विचारतात. तिथे हसून विषय बदल. दुसऱ्यांदा विचारलं तर सरळ सांग की हे आमचं आम्ही बघू. रागावतील थोडे दिवस, रागावू देत. ताटावरचा आग्रह सोसावा, आयुष्यावरचा नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

रंगपंचमीला मात्र घरात बसू नकोस. राजवाड्यावर गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, येते, गुलालानं आभाळ झाकतं, गर्दीत पाय ठेवायला जागा नसते. आपल्याकडची रंगपंचमी त्यापुढे फारच सोवळी वाटेल. सासूबाईंनाच विचार, कुणाच्या गच्चीवरून बघायची ते. जुने कपडे घाल, केसांना आदल्या रात्रीच तेल लाव आणि मोबाइल प्लास्टिकच्या पिशवीत ठेव.