जुन्या तबकड्यांचा ताळेबंद

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला घसारा ही गोष्ट फार लवकर शिकावी लागते. यंत्र घेतले, त्याचे आयुष्य दहा वर्षे धरले, दरवर्षी ठरावीक रक्कम वजा केली, की दहाव्या वर्षाअखेर वहीत उरते ती नाममात्र किंमत. परंतु काही वस्तू अशा आहेत, की वहीत त्यांचे मूल्य शून्य झाल्यावरच गिऱ्हाईक त्यांच्याकडे वळते. ग्रामोफोनची तबकडी ही त्यांपैकी एक. अशा तबकड्या, कर्ण्याची यंत्रे, चित्रपटांची जुनी गाण्यांची पुस्तके जमवणारी मंडळी एकत्र जमतात, याद्या चाळतात, देवाणघेवाण करतात. हा नुसता छंद आहे की त्यात काही अर्थशास्त्रही आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

वस्तू आणि तिचा इतिहास

आपल्या देशात व्यापारी तत्त्वावर ध्वनिमुद्रण सुरू झाले ते नोव्हेंबर १९०२ मध्ये, कलकत्त्यात. ग्रामोफोन कंपनीचे फ्रेड गैसबर्ग त्यासाठी आले होते. गौहरजान या त्या पहिल्या मोठ्या कलावतींपैकी एक. तबकड्या छापल्या जात जर्मनीतील हॅनोव्हर येथे. तेथील कामगारांना गायकाचे नाव कळावे म्हणून गाणे संपताच कलावंत आपले नाव मोठ्याने उच्चारीत. पुढे १९०८ साली कलकत्त्याजवळ सियालदह येथे कारखाना निघाला आणि परदेशवारी थांबली.

मिनिटाला ७८ फेरे घेणारी ही तबकडी लाखेची असे. लाख, दगडाची भुकटी आणि काजळी यांचे ते मिश्रण. दहा इंची तबकडीच्या एका बाजूस सुमारे तीन मिनिटांचे गाणे मावे. तास-दीड तास राग आळवणाऱ्या गवयाला तीन मिनिटांत सारे सांगावे लागे! लाख हा मुख्यतः भारताचा माल. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत लाखेच्या वापरावर निर्बंध आले, तेव्हा जुन्या तबकड्या परत घेऊन त्यांचा चुरा नव्यांसाठी वापरला गेला. किती गाणी त्या चुऱ्यात गेली याची मोजदाद कोण करणार?

१९४८ साली अमेरिकेत दीर्घ मुद्रिका आली, पुढे ती आपल्याकडेही आली आणि ७८ फेऱ्यांची तबकडी मागे पडली. १९८० नंतरच्या दशकात कॅसेट घरोघरी पोचल्या आणि तबकड्यांचे खोके माळ्यावर गेले.

किंमत कशी ठरते?

पाठ्यपुस्तकात किंमत मागणी आणि पुरवठा यांवरून ठरते. येथे पुरवठा पूर्णपणे अलवचीक आहे. भाव कितीही चढला तरी १९३५ सालची तबकडी आज नव्याने तयार होणार नाही. फुटली की पुरवठा एकाने घटला. म्हणून एक गमतीचा नियम दिसतो. जे गाणे त्या काळी तुफान खपले, त्याच्या प्रती आजही पुष्कळ सापडतात आणि त्यांना फारसा भाव नसतो. जे मुळीच खपले नाही, तेच दुर्मिळ. विक्रेत्याचे तेव्हाचे नुकसान हा आजच्या संग्राहकाचा नफा.

दुसरा घटक माहितीचा. तबकडीच्या मधल्या कागदावरील नाव आणि कडेला कोरलेला साचाक्रमांक यांवरून ती केव्हाची, कोणाची हे ठरते. ‘महल’ (१९४९) चित्रपटातील प्रसिद्ध गीताच्या पहिल्या तबकडीवर लता मंगेशकरांचे नाव नव्हते; चित्रपटातील पात्राचे, ‘कामिनी’ असे नाव होते. गंगूबाई हनगळ यांच्या सुरुवातीच्या तबकड्या ‘गांधारी’ या नावाने निघाल्या. ज्याला हे ठाऊक नाही त्याच्या हातून ठेवा निसटतो; ज्याला ठाऊक आहे त्याला तो ओळखू येतो.

मेळावा कशासाठी?

वस्तुविनिमयाची मोठी अडचण म्हणजे गरजांची दुहेरी संगती न जुळणे. माझ्याकडे एका गाण्याच्या दोन प्रती आहेत, तुम्हाला ती हवी आहे. पण मला हवी असलेली तबकडी तुमच्याजवळ नाही, ती तिसऱ्याच गावातील चौथ्या माणसाकडे आहे. हे चौघे एका छपराखाली आले की प्रश्न सुटतो. मेळाव्याचे मूळ कारण हेच. पण मंडळी तेवढ्यावर थांबत नाहीत. कोणी तबकडी वाजवून दाखवतो, कोणी शंका विचारतो, कोणी तारीख दुरुस्त करतो. १९९० साली मुंबईत ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ ही संस्था निघाली. तिने श्रवणाच्या बैठकी घेतल्या आणि नियतकालिकही चालविले. कानपूरच्या हरमंदिर सिंग ‘हमराज’ यांचा ‘हिंदी फिल्म गीत कोश’ अशाच चिकाटीतून उभा राहिला. विद्यापीठाने करावयाचे काम येथे हौशी माणसांनी पदरमोड करून केले आहे.

इंदूरचे उदाहरण

लताबाईंचा जन्म २८ सप्टेंबर १९२९ रोजी इंदुरात झाला. त्याच इंदूरजवळ पिगडंबर येथे सुमन चौरसिया यांनी त्यांच्या नावाने ग्रामोफोन रेकॉर्डचे संग्रहालय उभारले आहे. १९६५ पासून जमविलेल्या तबकड्यांना त्यांनी २००८ साली संग्रहालयाचे रूप दिले. लताबाईंनी ३२ भाषा-बोलींत गायिलेली सुमारे ७,६०० गीते तेथे असल्याचे ते सांगतात. एका माणसाच्या हौसेतून हे घडले, हे ध्यानात घ्यावे.

इंदूरपासून जवळच देवास आहे. बेळगाव जिल्ह्यातील सुळेभावी येथे १९२४ साली जन्मलेले शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकळी, म्हणजेच कुमार गंधर्व, क्षयाच्या आजारात कोरड्या हवेसाठी १९४८ साली तेथे गेले आणि तेथलेच झाले. कन्नड घरात जन्म, मुंबईत शिक्षण, मराठी रसिकांचे प्रेम आणि माळव्याची लोकधून! आपल्या या अंकात मराठी आणि कन्नड असे दोन विभाग आहेत. तबकडीने मात्र असे विभाग कधी पाडले नाहीत.

इंदूरला माझे आजोळ. गेल्या सुट्टीत मामा म्हणाले, “घर पाडायला घेतोय. आजोबांची ही पेटी बघ, नाहीतर कबाड्याला देऊन टाकतो. काळ्या खापऱ्या कोण घेतंय आता?” मी वाणिज्याच्या विद्यार्थ्याप्रमाणे मालमोजणी केली. एकूण ४२ तबकड्या. पाच तडकलेल्या, ३७ शाबूत. ४२ तबकड्यांच्या ८४ बाजू, प्रत्येकी तीन मिनिटे, म्हणजे जेमतेम सव्वाचार तासांचे संगीत. आजोबांनी हयातभर जमविलेला साठा एका दुपारी संपेल एवढाच! बहुतेक गाणी खूप खपलेली, म्हणजे बाजारभाव किरकोळ. चारांवरचे कागद मात्र निघून गेले होते. त्यांचे साचाक्रमांक मी उतरवून घेतले. मामींनी यादी वाचली आणि म्हणाल्या, “यातली तीन गाणी तुझे आजोबा रोज लावायचे. ती कुठं जायची नाहीत.” पेटी नव्या घरी जाणार हे ठरले. त्या तीन गाण्यांची किंमत कोणत्या खात्यावर घालावी, हे मला कोणत्याही पुस्तकात सापडले नाही.

मालकी आणि हक्क

येथे कायद्याचा एक भेद समजून घ्यावा. तबकडी विकत घेतली म्हणजे गाणे विकत घेतले असे नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार ध्वनिमुद्रणावरील हक्क प्रकाशनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षे चालतो. म्हणजे १९६४ साली प्रसिद्ध झालेल्या मुद्रणावरील हक्क २०२४ च्या अखेरीस संपला. गीत आणि चाल यांवरील हक्क मात्र कर्त्याच्या निधनानंतर ६० वर्षे टिकतो. तेव्हा संग्राहक हा वस्तूचा मालक, गाण्याचा केवळ राखणदार.

आणि राखणदार गेल्यावर काय? खरा प्रश्न हाच. मूकपटांच्या काळात आपल्याकडे सुमारे १,३०० चित्रपट निघाले, आज त्यांतले मोजकेच हाती आहेत. १९३१ चा ‘आलम आरा’ हा पहिला बोलपट. त्याची प्रत आज उपलब्ध नाही. पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ साली स्थापन झाले, तोवर फार उशीर झाला होता. तबकड्यांच्या बाबतीत अजून वेळ आहे, कारण त्या अजून माळ्यांवर आहेत.

म्हणून विद्यार्थिमित्रांना एवढेच सुचवावेसे वाटते. घरात अशी पेटी असेल तर टाकण्यापूर्वी यादी करावी. तबकड्या एकावर एक न रचता उभ्या ठेवाव्यात, उन्हापासून दूर ठेवाव्यात. साचाक्रमांक लिहून एखाद्या जाणत्या संग्राहकाला दाखवावा. आणि जो जमवतो त्याने आपल्या पश्चात संग्रह कोणाकडे जावा हे जिवंतपणीच कागदावर लिहून ठेवावे. धंद्यात वारस नेमणे हे शहाणपण समजतात. छंदातही ते तितकेच आवश्यक आहे.