प्रथिनांची भुकटी आणि जड धातू

गेल्या काही वर्षांत तालुक्याच्या गावांतूनही व्यायामशाळा निघाल्या आहेत. ही गोष्ट स्वागतार्हच आहे. तथापि, व्यायामशाळेच्या पाठोपाठ प्रथिनांच्या भुकटीचे मोठाले डबेही गावात आले. दहावी-बारावीतील मुले ही भुकटी दुधात किंवा पाण्यात कालवून दिवसातून एकदा, कधी दोनदा घेतात. तिच्यात प्रथिनांबरोबर आणखी काय पोटात जाते, हा प्रश्न शिक्षकांनी आणि पंचायत सदस्यांनी समजून घेण्यासारखा आहे.

अमेरिकेतील ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’ या ग्राहक संस्थेने २०१० मध्ये १५ प्रथिन-पेयांची तपासणी करून त्यांतील शिसे, कॅडमियम, आर्सेनिक व पारा या धातूंकडे लक्ष वेधले होते. त्याच संस्थेने ऑक्टोबर २०२५ मध्ये २३ उत्पादनांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. दोन-तृतीयांशांहून अधिक उत्पादनांच्या एकाच मात्रेत, दिवसाला ०.५ मायक्रोग्रॅम या त्या संस्थेच्या तज्ज्ञांनी मानलेल्या मर्यादेपेक्षा जास्त शिसे आढळले. पंधरा वर्षांत परिस्थिती सुधारण्याऐवजी शिशाचे सरासरी प्रमाण वाढलेले दिसले. वनस्पतिजन्य भुकटीत ते दुधापासून केलेल्या भुकटीच्या सरासरी नऊपट होते.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. ०.५ मायक्रोग्रॅम ही मर्यादा कॅलिफोर्निया राज्याच्या कायद्यातील असून ती अतिशय कडक आहे. अमेरिकेच्या केंद्रीय अन्न व औषध प्रशासनाने मुलांसाठी २.२ आणि प्रजननक्षम वयातील स्त्रियांसाठी ८.८ मायक्रोग्रॅम असे दैनिक संदर्भमान ठरविले आहे. त्यामुळे एखाद्या दिवशी एक पेला घेतल्याने कोणास विषबाधा होते, असा अर्थ कोणी काढू नये. प्रश्न रोजच्या सेवनाचा आहे. जागतिक आरोग्य संघटना व अन्न आणि कृषी संघटना यांच्या संयुक्त तज्ज्ञ समितीने २०१० मध्ये शिशासाठी पूर्वी दिलेली साप्ताहिक सेवनमर्यादा मागे घेतली. कारण जिच्याखाली अपाय होत नाही अशी पातळीच सांगता येईना.

हे धातू कोणी मुद्दाम मिसळतो असे नव्हे. ते जमिनीत असतात. खाणी, कारखाने व पूर्वीच्या शिसेयुक्त पेट्रोलचा धूर यांमुळे वाढतात. स्फुरदयुक्त खतांतून कॅडमियम शेतात उतरते. पीक मुळांवाटे ते शोषून घेते. वाटाण्यातून प्रथिन वेगळे काढताना मणभर कच्च्या मालाची थोडी भुकटी होते आणि प्रथिनाबरोबर धातूही घट्ट होत जातात. गाईने खाल्लेल्या चाऱ्यातील शिसे मात्र बरेचसे तिच्या हाडांत अडकते, दुधात थोडेच उतरते. चॉकलेटच्या स्वादाची भुकटी आणखी सदोष ठरण्याचा संभव असतो. कोकोच्या बिया उघड्यावर वाळताना त्यांवर शिसेमिश्रित धूळ बसते. ‘नैसर्गिक’ वा ‘सेंद्रिय’ या शब्दांनी येथे काही संरक्षण मिळत नाही, कारण सेंद्रिय शेतीची मातीही तीच असते.

शरीर शिशाला कॅल्शियम समजून हाडांत साठविते आणि ते तेथे दशकानुदशके राहते. गरोदरपणी हाडांतील कॅल्शियम वापरले जाते तेव्हा शिसेही रक्तात येऊन गर्भापर्यंत पोचते. कॅडमियम मूत्रपिंडात साचते. जपानमधील जिन्झू नदीच्या खोऱ्यात खाणीच्या सांडपाण्यावर पिकलेल्या भाताने हाडे ठिसूळ करणारा ‘इताइ-इताइ’ रोग पसरला होता, तो याच धातूमुळे. मोठ्या माणसांपेक्षा लहान मुले शिसे कितीतरी अधिक शोषून घेतात, आणि रक्तात लोह कमी असेल तर हे शोषण वाढते. आपल्याकडील किशोरवयीन मुलींमधील रक्तक्षयाचे प्रमाण पाहता ही बाब गांभीर्याने घ्यावयास हवी.

भारतातील अनुभवही उत्साहवर्धक नाही. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात येथे विकल्या जाणाऱ्या ३६ प्रथिन-पूरकांपैकी सुमारे ७० टक्क्यांच्या वेष्टनावरील प्रथिनांचा आकडा खरा ठरला नाही. त्याच वर्षी हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने आपल्या आहारविषयक मार्गदर्शक सूचनांत, शरीर कमावण्यासाठी अशी पूरके घेणे टाळावे, असा सल्ला दिला.

मग गरज किती, याचा हिशेब अवघड नाही. प्रौढ माणसास वजनाच्या दर किलोमागे दररोज ०.८३ ग्रॅम प्रथिने शिफारस केलेली आहेत. म्हणजे ६० किलो वजनास सुमारे ५० ग्रॅम. दिवसभरात २०० ग्रॅम ज्वारीच्या पिठाच्या भाकरी, ५० ग्रॅम तुरीच्या डाळीचे वरण, ४० ग्रॅम मटकीची उसळ, ३० ग्रॅम शेंगदाणे आणि पाव लिटर दूध एवढे पोटात गेले की सुमारे ५४ ग्रॅम प्रथिने मिळतात. भाकरीत लायसीन कमी, डाळीत मेथिओनीन कमी. दोन्ही एकत्र खाल्ल्याने एकाची उणीव दुसरे भरून काढते. अंडे खाणाऱ्यास प्रत्येकी सहा ग्रॅमची भर सहज पडते. कसून व्यायाम करणाऱ्या तरुणाची गरज याहून अधिक असते, पण तीही ताटातच उसळ, दूध, अंडी वाढवून भागविता येते. डाळी-धान्यांतही धातूंचा लवलेश असतोच. परंतु निरनिराळ्या शेतांतले निरनिराळे पदार्थ खाल्ल्याने एकाच स्रोताचा भार शरीरावर पडत नाही. भात मुबलक पाण्यात शिजवून पाणी काढून टाकल्यास आर्सेनिकचा काही अंश कमी होतो. हळद अतिशय भडक पिवळी दिसल्यास सावध राहावे. बांगलादेशात शिशाचे क्रोमेट लावून हळद रंगविण्याचा प्रकार २०१९ मध्ये उघडकीस आला होता.

ज्यांना वैद्यकीय सल्ल्याने भुकटी घ्यावीच लागते त्यांनी डब्यावर चौदा अंकी परवाना क्रमांक आहे याची खात्री करावी, चॉकलेटचा स्वाद टाळावा आणि पावती जपून ठेवावी. अन्न सुरक्षा आणि मानके कायदा, २००६ च्या कलम ४० अन्वये कोणाही खरेदीदारास शुल्क भरून अन्न विश्लेषकाकडून पदार्थ तपासून घेता येतो, व तो कायद्यातील तरतुदींस उतरला नाही तर शुल्क परत मिळते. मात्र पदार्थ तपासणीसाठी घेत आहोत, हे खरेदीच्या वेळीच दुकानदारास सांगावे लागते. ही अट ठाऊक नसल्यामुळे तक्रार दुबळी पडू नये, म्हणून ग्रामसभेत ती एकदा वाचून दाखविणे उपयुक्त होईल.